भोंगा कोणासाठी?

दिवाळीच्या सुट्टीनंतर निपाणीहून बेळगावला येत होतो. पुढच्या बाकावर चार-पाच वर्षांचा एक मुलगा खिडकीशी बसला होता. बस तवंदी घाट चढू लागताच तो ओरडला, "पप्पा, डोंगर बघा की!" वडील मोबाईलमध्ये पाहतच "हूं" म्हणाले. संकेश्वर येईपर्यंत त्याने ट्रॅक्टर दाखविला, उसाच्या गाड्या दाखविल्या. उत्तर एकच, "हूं!" पुढे तो गप्प झाला. कोणी म्हणेल, पोरगा शहाणा आहे. मला वाटले, तो हरला.

मुलांच्या हातातील मोबाईलवर आपण पुष्कळ बोलतो. आईबापांच्या हातातील मोबाईलवर कोणी बोलत नाही.

पूर्वीच्या आईबापांना तरी वेळ कुठे होता, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. निपाणीच्या विडी कामगार स्त्रीच्या मांडीवर सूप, हातात पान व तंबाखू आणि शेजारी मूल असे. तंबाखूच्या धुळीत वाढणे चांगले होते, असे मुळीच नाही. परंतु तिचे हात गुंतलेले असले तरी कान आणि तोंड मुलासाठी मोकळे होते. मोबाईल मात्र हातांबरोबर डोळे, कान आणि मनही घेऊन जातो. आई जवळ असूनही जवळ नसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला काही वेळ चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळाने हसून, हात हलवून तिला बोलावून पाहिले. शेवटी ते व्याकूळ होऊन तोंड फिरवू लागले. तेव्हा मोबाईल नव्हता. आज तसाच चेहरा घरोघरी दिसतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्या बेळगावजवळील हलगा गावानेही ७ ते ९ अशी वेळ ठरविली. मुलांचा अभ्यास व्हावा, घरात बोलणे व्हावे, हा हेतू. पण भोंगा वाजल्यावर मुलाने पुस्तक उघडायचे आणि वडिलांनी कट्ट्यावर जाऊन मोबाईल पाहायचा, असे झाले तर काय उपयोग?

सीमाभागात आपण भाषेसाठी तावातावाने भांडतो. पण मराठी असो वा कन्नड, मुलाला भाषा प्रथम मिळते ती आईबापांच्या बोलण्यातून. तेच "हूं" वर थांबले, तर पुढे कोणती शाळा ती उणीव भरून काढणार?

मित्रहो, उद्या आपणही आईबाप होणार आहोत. घरात धाकटी भावंडे, भाचरे आजही आहेत. भोंग्याची वाट कशाला पाहायची? "बघा की!" ही हाकच पुरेशी आहे. मान वर करून डोंगर पाहायला कितीसा वेळ लागतो?