लोखंडाला सुटणारा घाम

इंदूर शहरी वर्षाकाठी साधारणपणे ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणपट्टीतील आमच्या वाचकांना हा आकडा वाचून हसूच येईल. तरीही सांवेर रोड किंवा पोलोग्राउंड ह्या भागातील एखाद्या लहान कारखानदारास विचारून पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या शेडमधील लेथवर एका रात्रीत तांबूस छटा चढते, असे तो सांगेल. छप्पर गळत नसते, यंत्रावर पाण्याचा थेंब पडलेला नसतो, आणि तरीही हे घडते. मग दोष तेलाला देण्यात येतो, नाही तर तेल लावणाऱ्या मदतनिसाला. आमच्या मते बहुधा दोघेही निर्दोष असतात.

माळव्याच्या रात्री गार व सुखद म्हणून पूर्वापार वाखाणल्या गेल्या आहेत. खरी गोम तेथेच आहे. लेथचा बेड म्हणजे बिडाचे वजनदार ओतकाम. ते रात्री थंड होते आणि सकाळी सहजासहजी तापत नाही. दार उघडताच बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते व त्या थंड धातूला भिडते. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना जेमतेम १७. उरलेले पाणी जाणार कोठे? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच तो लेथलाही सुटतो. हे दव डोळ्यांना दिसलेच पाहिजे असेही नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या पुढे गेली, आणि हवेत धूर व मळ असला, की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो, हे व्हर्नन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले. इंदूरच्या पावसाळ्यात ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेली असते. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी, की ह्या संकटाची आठवणही कोणास राहत नाही.

तेव्हा पहिला उपाय तेलाचा नव्हे, उबेचा होय. लोखंड भोवतालच्या हवेहून दोन-तीन अंश उबदार राहिले की त्यावर दव धरत नाही. बेडखाली, आच्छादनाच्या आत, जुन्या पद्धतीचा ४० किंवा ६० वॅटचा एखादा दिवा रात्रभर जळत ठेवल्यास काम भागते. आजचा एलईडी दिवा येथे फारसा उपयोगी नाही, कारण त्याची ऊब नाममात्र असते. मात्र दिव्याला जाळीचे संरक्षण हवे आणि तेलकट चिंध्या व आच्छादनाचे कापड त्यापासून दूर हवे.

आच्छादनाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. गोणपाट कदापि वापरू नये. ते ओल शोषून यंत्राच्या अंगाला बिलगून बसते. प्लास्टिकचा कागद खालपर्यंत घट्ट गुंडाळणेही तितकेच वाईट, कारण जमीन मातीची असेल तर तिची ओल आतच कोंडते. जाड सुती कापड बरे.

रॉकेलने पुसण्याची चाल सर्वत्र आहे. त्याने मळ निघतो खरा, पण रॉकेल उडून जाते आणि लोखंड पुन्हा उघडे पडते. त्यावर तेलाचा हात फिरवलाच पाहिजे. यंत्र आठवडाभर बंद राहणार असेल तर पातळ तेलावर विसंबू नये, ग्रीस लावावे. घामेजल्या बोटांचे ठसेही गंजाला निमंत्रण देतात. पण सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे डाग देण्याच्या आम्लाची बाटली! बूच सैल असले तर तिची वाफ साऱ्या शेडमधील लोखंड खाते. तिला शेडबाहेर जागा द्यावी.

मायक्रोमीटर, व्हर्नियर ही साधने घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावीत व सोबत कळीच्या चुन्याची कापडी पुरचुंडी ठेवावी. ५६ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना १८ ग्रॅम पाणी शोषून घेतो. तो फुलून भुकटी झाला की बदलावा.

येथे कोणी धारच्या लोहस्तंभाचा दाखला देईल. इंदूरपासून सुमारे ६० किलोमीटरांवर, लाट मशिदीपाशी त्याचे तीन तुकडे आहेत. एकूण लांबी १३ मीटरांहून अधिक, वजन सुमारे ७ टन. शतकानुशतके पाऊस झेलूनही तो टिकला. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम ह्यांनी ह्या स्तंभाचा व दिल्लीच्या स्तंभाचा अभ्यास केला, आणि लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर जमतो, असे दाखविले. परंतु असा थर अंगावर बाळगणे स्तंभाला परवडते, लेथला नाही. तिची कॅरेज ज्या पट्ट्यांवरून सरकते, त्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावयाची असते. तेथे खड्डे पडले की जॉब मापाबाहेर जातो, माल परत येतो, आणि कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचे हप्ते तर चालूच राहतात.

गंज चढलाच असेल तर त्या पट्ट्यांवर एमरी पेपर घासू नये. त्याचे कण कॅरेजखाली अडकून कानसेसारखे काम करतात. रॉकेलमध्ये भिजविलेल्या, बारीक कणांच्या ऑइलस्टोनने हलक्या हाताने लांबीच्या दिशेने घासावे, पुसून कोरडे करावे आणि लागलीच तेल द्यावे. कॅरेज रोज एकाच जागी उभी करू नये. तिच्याखालची ओल कोणाच्या नजरेस पडत नाही.