इच्छापोरच्या गच्चीवरील पलभा

इच्छापोर म्हटले की सुरतकरांना आता हिरे-दागिन्यांची औद्योगिक वसाहत आठवते. आम्हांला मात्र आमच्या मामांची गच्ची आठवते. २०२५ च्या मार्चात मामांनी तेथे सोलर पॅनेल बसविण्याचे काढले. लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि त्यांच्या मनात शंका आली. पॅनेल दक्षिणाभिमुख व स्थळाच्या अक्षांशाइतके कलते असावे, असे त्यांनी वाचले होते. सांगाडा तर फारच निजलेला दिसत होता, आणि पैसे चुकते झालेले! त्यांनी टेप लावली : आडवी लांबी २०० सेंटिमीटर, मागील बाजूचा उठाव ३५. हे आकडे एक्सेलच्या तक्त्यात घालून ‘एटॅन’ वापरताच उत्तर आले ०.१७.

‘‘अरे, हा तर पाटासारखा सपाट!’’ मामांनी आम्हांला तातडीने बोलावून घेतले.

आम्ही पाहिले तो दोष सांगाड्याचा नव्हता. उठावाला आडव्या लांबीने भागले की कोनाची स्पर्शज्या मिळते. तीवरून ‘एटॅन’ कोन काढून देते, पण तो रेडियनमध्ये. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. त्याच सूत्राला बाहेरून ‘डिग्रीज’चे वेष्टन घालताच ९.९ अंश उमटले.

‘‘दहाच? आणि अक्षांश एकवीस!’’ मामांचे समाधान होईना. तो एकवीसचा आकडा तरी खरा कशावरून, हेही त्यांना पडताळावयाचे होते. जुन्या पंचांगांवर वाढलेला माणूस! सुदैवाने २० मार्चला विषुवदिन होता. शंभर सेंटिमीटरची काठी ओळंब्याने उभी केली आणि सावलीची टोके खडूने टिपत बसलो. सर्वांत आखूड सावली बाराला नव्हे, तर पावणेएकच्या सुमारास पडली, कारण आपले घड्याळ पूर्वेकडील रेखावृत्तावर चालते. ती भरली ३८.८ सेंटिमीटर. तक्त्याने सांगितले : २१.२ अंश.

‘‘म्हणजे बारा अंगुळांच्या शंकूला पलभा ४ अंगुळे ३९ व्यंगुळे,’’ मामा तोंडीच म्हणाले, आणि प्रथमच हसले. स्पर्शज्येवरून कोन काढण्याची अनंत श्रेढी केरळातील संगमग्रामच्या माधवाच्या नावे सांगितली जाते. माधव चौदाव्या शतकातला. संगणक आज जे क्षणात करतो, त्याची वाट तेथून जाते, हे ऐकून तर ते अधिकच खुलले.

सांगाडा करणाऱ्या कारागिराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘काका, इथे समुद्राचा वारा. जास्त उभे केले तर पॅनेल उडेल.’’ कल कमी ठेवल्याने वर्षाच्या विजेत पडणारी तूट थोडकी असते, हेही खरे. मामांनी सांगाडा तसाच ठेवला. बोल्ट तेवढे पुन्हा आवळून घेतले.

विषुवदिनी मध्याह्नी तीच काठी बडोद्यास सुमारे ४१ आणि हैदराबादेस सुमारे ३१ सेंटिमीटर सावली देईल. सप्टेंबरातील विषुवदिनी आपापल्या गच्चीवरची सावली मोजून वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावी.