जोखीम एकाची, मोबदला दुसऱ्याचा!

स्वतंत्र व्यवसाय करणारा वास्तुविशारद वा सल्लागार नोकरदारापेक्षा चढा दर आकारतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. त्याला भरपगारी रजा नसते. आजारपणाचा खर्च आणि म्हातारपणाची तरतूद त्याची त्यालाच पाहावी लागते. जो जोखीम उचलतो त्याला तिचा मोबदला मिळावा, हा व्यवहाराचा साधा नियम. मग चंद्रपूरच्या कंत्राटी कामगारापाशी येताच हा नियम उलटा का फिरतो?

२,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र असो वा जिल्ह्यातील कोळसा खाणी. कायम आणि कंत्राटी कामगार एकाच धुळीत राबतात. असुरक्षितता कंत्राटी कामगाराच्या वाट्याला आणि वेतनही त्याचेच कमी! हा कोणता न्याय?

ही तफावत केवळ महिन्याच्या पगारात मोजून भागणार नाही. ग्रॅच्युइटीचेच पाहा. १९७२ च्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन ठरविले. अट ५ वर्षांच्या सलग सेवेची. इकडे कंत्राटाची मुदत संपते, नवा ठेकेदार येतो. माणूस तोच, काम तेच. कागदावर मात्र सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू! २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर हा हक्क दिला. पण त्यासाठी लेखी करार हवा. ठेकेदाराच्या हजेरीपटावरील किती जणांच्या हाती तो असतो?

‘पटत नसेल तर काम सोडावे’, असे सांगणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच उत्तर दिले आहे. पंजाबातील तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या जगजित सिंग खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व उचलून धरताना न्यायालयाने बजावले, की कमी वेतन कोणी खुशीने पत्करत नाही. कुटुंबाच्या पोटासाठी स्वाभिमानाचे मोल देऊन पत्करतो.

मधला ठेकेदार ही काही ब्रह्मदेवाने लिहिलेली रेघ नव्हे. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळविला. जेथे गावकरी बांबूतोडीची मजुरी घेत, तेथे ग्रामसभाच विक्रेती झाली.

वीज केंद्र ग्रामसभेच्या हाती देता येणार नाही, हे खरे. पण बारमाही कामाला कायम कामगार नेमता येतो. तोवर निदान सेवेची वर्षे ठेकेदाराच्या नव्हे, कामगाराच्या नावावर मोजा. शहरांना उजेड पुरविणाऱ्याच्या घरी अंधार ठेवून कोणता समाज समर्थ होणार आहे?