शाळामास्तरांचा स्थिरांक

वर्तुळ बांगडीचे असो वा गाडीच्या चाकाचे, परीघ व व्यास यांचे गुणोत्तर पालटत नाही. अशा अढळ संख्येस स्थिरांक म्हणतात. सुरत-मुंबई लोहमार्गावरील डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले, देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांस १९४९ साली असाच एक गवसला.

सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. शून्यही अंकच धरावे. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, पुढे तेच! फार तर सात वजाबाक्या लागतात.

पुष्कळांनी यास पोरखेळ मानले. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर मास्तरांची कीर्ती जगभर झाली. वाचकहो, मुलांच्या हाती आज पाटी द्याच.