आमचा वीर गावातच राहावा

माझे मत असे आहे की जुन्या वस्तू संग्रहालयात ठेवाव्यात, पण सगळ्याच नव्हे. काही वस्तू गावातच राहाव्यात. मला असे का वाटते ते मी खाली लिहिते. कुणाला पटले नाही तर त्याने पुढच्या अंकात याच भिंतीवर उत्तर लिहावे.

बालमित्रांनो, आपल्या गावात मारुतीच्या देवळाजवळ वडाखाली एक उभा दगड आहे. तो तुम्ही रोज बघता. त्याला सगळे 'वीर' म्हणतात. गुरुजींनी सांगितले की त्याचे नाव वीरगळ. गावासाठी किंवा गाईगुरांसाठी लढता लढता जो मेला त्याच्या आठवणीचा हा दगड. त्याच्यावर खालून वर वाचायचे असते. अगदी खाली लढाई आहे. मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतो. सगळ्यांत वर चंद्र आणि सूर्य. म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर त्याचे नाव राहील. पण त्याचे नाव काय होते ते कुणालाच माहीत नाही, कारण आपल्या वीरावर अक्षरे नाहीत.

सणाला आपण त्याला शेंदूर लावतो, नारळ फोडतो. पण बाकीच्या दिवशी काय करतो? माणसं त्याच्या कडेला कोयता घासतात. पोरं त्याच्या डोक्यावर चढतात. डावीकडच्या बाजूला आता चर पडला आहे आणि तिथली माणसं झिजून नुसते उंचवटे उरलेत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डोंबिवलीला आत्याकडे गेलो होतो. मुरबाडहून एस.टी.ने कल्याण आणि तिथून लोकल. दुसऱ्या दिवशी आजी, बाबा, आई, आत्या, आतोबा आणि मी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायला गेलो. लोकल ठाण्याला थांबली तेव्हा आतोबांनी सांगितले की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी आगगाडी आली. तिला १४ डबे होते, आणि अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत आली. आजी म्हणाली, "तवा एवढी गर्दी नसंल बाई!"

संग्रहालयाची इमारत फार मोठी आहे. मधोमध घुमट आहे. पायाभरणी १९०५ मध्ये झाली आणि लोकांसाठी ते १९२२ मध्ये उघडले. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचा दवाखाना होता. तेव्हा त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत. १९९८ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव दिले. इमारतीचा काळा दगड कुर्ल्याचा आणि पिवळा दगड मालाडचा आहे. काळा दगड म्हणजे आपल्या डोंगराचाच कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला लाव्हा वाहिला, तो थंड होऊन सह्याद्री झाला. आपला वीरसुद्धा त्याच काळ्या दगडाचा आहे. मला हे फार आवडले. वीराला म्हातारा म्हणतात, पण त्याचा दगड किती म्हातारा!

आत मूर्ती, तलवारी, चिलखते, नाणी आणि चित्रे आहेत. एका दालनात भरून ठेवलेले प्राणी आणि पक्षी आहेत. झाडावर बसलेला पक्षी आपण जवळ गेलो की भुर्र उडून जातो. इथे त्याची चोच आणि नखे नीट बघता येतात. चोच कशी आहे ते बघून पक्षी काय खातो ते ओळखायचे, असे आतोबांनी मला शिकवले. शास्त्र शिकायला असे जवळून बघणे लागतेच.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो सोपाऱ्याचा दगड. तो सम्राट अशोकाच्या आज्ञेचा तुकडा आहे, म्हणजे २२०० वर्षांहून जुना. त्यावर ब्राह्मी अक्षरे आहेत. सोपारा म्हणजे नालासोपारा. ते २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे पूर्वी मोठे बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला. त्या सोपाऱ्याचा दगड मुंबईत काचेजवळ उभे राहून मला बघायला मिळाला. मला वाटले, एवढासा तुकडा कुणी उचलून घराच्या पायात घातला असता तर अशोकाचे बोलणे आपल्यापर्यंत पोचलेच नसते.

तिथेच आमच्या घरच्यांचे जुंपले. बाबा म्हणाले, "आपला वीर इथं आणून ठेवायला पायजे. इथं पाऊस नाय, कोयते नायत. साफसूफ राहील." आजी लगेच म्हणाली, "आन हितं त्याला नारळ कोन फोडंल? तो गावाची राखण करतो. राखणदार कधी गाव सोडून जातो का?" बाबा म्हणाले, "आई, पण त्याची राखण कोण करतंय?" आजी गप्प बसली. आतोबा म्हणाले, अजून पन्नास वर्षे असाच राहिला तर नुसता दगड उरेल.

घरी येईपर्यंत मी यावर विचार केला. मला आजीचेही पटते आणि बाबांचेही पटते. पण दोघांचे ऐकून मी माझे मत केले आहे.

पहिले म्हणजे, सगळ्या वस्तू सारख्या नसतात. सोपाऱ्याचा तुकडा लहान आहे, फुटका आहे, आणि त्याच्यावर लिहिलेले आहे. तो संग्रहालयात आहे हेच बरे. सगळ्या देशाचे लोक येऊन तो बघतात. नाणी आणि ताम्रपटसुद्धा तिथेच नीट राहतात. पण वीर मोठा आहे आणि तो रोवलेला आहे. तो जिथे उभा आहे तिथे उभा आहे म्हणूनच आपल्याला कळते की या गावात कुणीतरी लढला. तो मुंबईला नेला तर तिथे तो पुष्कळ दगडांतला एक दगड होईल, आणि इथे एक खड्डा उरेल. संग्रहालयात मी पाहिले की पाटीवर वस्तू कुठे सापडली ते लिहितात. म्हणजे जागा महत्त्वाची असते. मग जागेसकट वस्तू आपल्याकडे आहे ती का मोडायची?

दुसरे म्हणजे, पुष्कळ चांगल्या गोष्टी अजून आपापल्या जागेवरच आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे आहे. ते कुणी उचलून नेले नाही, आणि तिथे आजही पूजा होते. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांच्यावर तर जहाजांची लढाई कोरली आहे. ते तिथेच आहेत. कल्याणचा दुर्गाडी किल्ला खाडीजवळच बघायला मिळतो. खाडीच नसती तर शिवाजी महाराजांनी तिथे जहाजे का बांधली ते कळले असते का?

तिसरे म्हणजे, गावातल्या सगळ्यांना मुंबईला जायला जमत नाही. आमचा प्रवास झाला तो आत्याचे घर डोंबिवलीला आहे म्हणून. बाबांचे दोन दिवसांचे काम बुडाले. आपल्या वर्गातल्या किती मुलांनी संग्रहालय पाहिले? मी विचारले तर माझ्याशिवाय कुणीच नाही. वीर मात्र सगळ्यांनी पाहिला आहे. मग गावात जे आहे तेच आपले संग्रहालय नाही का?

पण एक अट आहे. वीर गावात ठेवायचा असेल तर तो नीट ठेवला पाहिजे. नुसते "आमचा देव, आमचा देव" म्हणायचे आणि त्याच्यावर कोयता घासायचा, हे बरोबर नाही. तसेच चालायचे असेल तर मग बाबांचे खरे, आणि त्याला मुंबईला पाठवलेले बरे. म्हणून मी पुढील गोष्टी सुचविते.

१) कोयते आणि विळे घासायला ओढ्यातला एक खरबरीत दगड आणून विहिरीजवळ ठेवावा. जवळ दगड मिळाला की वीराकडे कोण जाईल?

२) शेंदूर आणि तेल पायाशी ठेवावे, अंगावर थापू नये. थर चढले की कोरीव काम दिसत नाही. मी हे आजीला सांगितले. ती "बघू" म्हणाली. आजीचे "बघू" म्हणजे अर्धे हो असते.

३) वीराला तारेच्या ब्रशने घासू नये आणि रंग देऊ नये. साफ करायचे तर आधी जाणकारांना विचारावे.

४) आपण चौथीच्या मुलांनी त्याची उंची आणि रुंदी मोजून चित्र काढावे. आज काय दिसते त्याची नोंद राहील. पुढच्या चौथीने ती ताडून बघावी.

५) वीराजवळ मराठीत एक पाटी लावावी. मजकूर गुरुजींनी लिहावा.

६) शेत नांगरताना जुनी नाणी किंवा पत्रे सापडली तर घरी लपवू नयेत किंवा वितळवू नयेत. त्यासाठी १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावेच लागते.

आणखी एक. मुंबईच्या त्या संग्रहालयाची एक बस आहे. ती २०१५ पासून शाळाशाळांत आणि गावोगाव फिरते. बसमध्येच वस्तू मांडलेल्या असतात. आपल्या शाळेने त्यांना पत्र पाठवावे. म्हणजे जी मुले मुंबईला जाऊ शकत नाहीत त्यांच्याकडे मुंबई येईल. आणि बस आली की आपण त्यांना आपला वीर दाखवू. तोपर्यंत वर्गाच्या कोपऱ्यात आपले शेर, पायली, अधोली आणि जुने जाते मांडू. माझ्या आजीची अधोली मी आणीन, तिने हो म्हटले आहे.

थोरामोठ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हे वाचावे. ज्याने गावासाठी जीव दिला त्याच्यासाठी आपण निदान कोयता तरी दुसरीकडे घासावा. यात पैसे लागत नाहीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी