चेंडू उजवीकडे गेला म्हणून निशाणा डावीकडे धरू नका

मागच्या एका व्हिडिओत बोलता बोलता मी "हा तर धंद्यातला शँक आहे" असं म्हणून गेलो. तेव्हापासून विचारणा सुरू आहे, की भाऊ, हे शँक म्हणजे काय प्रकरण? दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. छोट्या दुकानात चूक बहुतेक वेळा लहान असते, पण तिचा परिणाम भयंकर दिसतो. मालक घाबरतो आणि घाबरून जो उपाय करतो, त्या उपायानेच दुकान जातं. ही गोष्ट मला गोल्फमधल्या शँकइतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. मीही खेळणारा नाही, पाहणारा आणि वाचणारा आहे. हा खेळ आपल्या राज्यात जुना आहे बरं का. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ साली सुरू झाला, आणि पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळले. पण आज आपल्याला खेळापेक्षा त्यातली एक चूक समजून घ्यायची आहे.

शँक म्हणजे नेमकं काय

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. त्याच्या टोकाला लोखंडी पातं असतं. कुऱ्हाडीला दांडा जिथे बसतो तसा क्लबलाही एक गोल, जाड भाग असतो, जिथे दांडा पात्यात शिरतो. त्याला होझल म्हणतात. चेंडू पात्याच्या मध्यावर लागला तर सरळ जातो. तोच होझलवर लागला की सटकन बाजूला उडतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे, जवळजवळ काटकोनात जातो. यालाच शँक म्हणतात. गोल्फमध्ये याहून लाजिरवाणा फटका नाही. बघणारे हसतात आणि खेळणाऱ्याचे हात थरथरतात.

आता मजा बघा. पात्याचा मध्य आणि होझल यांच्यात अंतर किती? जेमतेम इंच-सव्वा इंच. गोल्फचा चेंडूच सुमारे ४३ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे चुकीचं अंतर चेंडूच्या जाडीपेक्षाही कमी. उत्तम फटका आणि सगळ्यात घाण फटका एवढे शेजारी शेजारी राहतात. खेळाडूचा जोर, वेग आणि वेळ सगळं बरोबर असू शकतं, फक्त पातं इंचभर पुढे आलेलं असतं.

पण चेंडू झुडपात गेलेला पाहणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला वाटतं, आपल्याला खेळताच येत नाही.

घाबरून केलेला उपाय

शँक बसला की नवखा माणूस साधारण तीन गोष्टी करतो. एक, चेंडू उजवीकडे गेला म्हणून पुढच्या वेळी डावीकडे निशाणा धरतो. त्याने चेंडू लागण्याची जागा बदलत नाही, उलट हात आडवे फिरायला लागतात. दोन, चेंडूपासून लांब सरकून उभा राहतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण लांब उभा राहिलेला माणूस चेंडू गाठायला पुढे झुकतो, अंगाचा भार पायाच्या बोटांवर येतो आणि होझल परत चेंडूवर. तीन, काठी घट्ट आवळतो. मुठी आवळल्या की हात मोकळे फिरत नाहीत, चूक पक्की होते. म्हणूनच शँक एकटा येत नाही. एक बसला की पाठोपाठ दुसरा, तिसरा.

आता हेच दुकानात बघू. समजा, लाखनीत एका तरुणाने रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकलं. हिशोब सोपा जावा म्हणून प्रत्येक नगाची विक्री किंमत १०० रुपये धरू आणि खरेदी ७५. महिन्याला १५०० नग विकले जातात. नगामागे २५ रुपये, म्हणजे ३७,५०० रुपये सुटतात. भाडं, पोराचा पगार, लाइट बिल आणि कर्जाचा हप्ता मिळून २६,००० जातात. हातात ११,५०० राहतात. फार नाही, पण घर चालतं.

एका महिन्यात विक्री १२०० नगांवर आली. सुटले ३०,०००, हातात फक्त ४,०००. पोटात गोळा आला. मग त्याने काय केलं? बाहेर मोठा फलक लावला: "सर्व मालावर १० टक्के सूट".

गर्दी वाढली. विक्री परत १५०० नगांवर आली. त्याला वाटलं, जमलं! पण आता नगामागे २५ नाही, १५ रुपयेच सुटतात. १५०० गुणिले १५, म्हणजे २२,५००. खर्च तोच २६,०००. गर्दी जुनीच आली आणि वर ३,५०० रुपये खिशातून गेले. सूट न देता १२०० नगांवर तो जिथे उभा होता, तिथे परत यायलाच त्याला २००० नग विकावे लागतील. ब्रेक-इव्हन आम्हाला बीबीएला शिकवलं होतं, पण त्याला डिग्री लागत नाही. पाठीमागे कॅल्क्युलेटर असलेला कोणताही मोबाइल पुरतो.

हाच तो डावीकडे धरलेला निशाणा. गिऱ्हाईक कमी झालं, म्हणून भाव कमी. पण गिऱ्हाईक भावामुळे कमी झालं होतं का? हे त्याने तपासलंच नव्हतं.

आधी खूण पाहा

चांगला गोल्फ प्रशिक्षक शँकवाल्याला लगेच सल्ला देत नाही. तो क्लबच्या पात्यावर पावडरचा स्प्रे मारतो आणि म्हणतो, मार. चेंडू जिथे लागतो तिथली पावडर उडते आणि खूण दिसते. काही जण चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढतात, त्याचा डाग पात्यावर उमटतो. आता वाद संपला. चेंडू कुठे गेला याच्याऐवजी तो पात्याला कुठे लागला ते दिसतं. त्यानंतरच प्रशिक्षक कारण शोधतो: भार बोटांवर आहे का, चेंडूच्या फार जवळ उभा आहे का, खाली येताना हात अंगापासून दूर जातात का, कंबर चेंडूकडे ढकलली जाते का. फटका तोच दिसतो, कारणं मात्र वेगवेगळी, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला उलटा पडतो.

आपल्या दुकानातली पावडर म्हणजे एक वीस रुपयांची वही. तिला मी "रिकाम्या हाताने गेलेल्यांची वही" म्हणतो. जो माणूस दुकानात आला, काही विचारलं आणि न घेता गेला, त्याची एक ओळ लिहायची. काय मागितलं, आणि का नाही घेतलं. "मुलाचा शर्ट, ६ वर्षं, साइज नव्हती." "साडी, भाव जास्त वाटला." "ऑनलाइन पैसे द्यायचे होते, स्कॅनर बंद." पंधरा दिवस लिहा. विकलेल्या मालाची नोंद बिलबुकात असतेच. न विकलेल्याची नोंद कोणीच ठेवत नाही, आणि चूक नेमकी तिथे असते.

आपल्या त्या लाखनीच्या दुकानदाराच्या वहीत समजा चाळीस ओळी निघाल्या आणि त्यातल्या पंचवीस लहान मुलांच्या साइजच्या. म्हणजे खूण सापडली. जागा बरोबर, गिऱ्हाईक येतंय, भावावर तक्रार नाही, फक्त दोन-तीन साइज संपल्यात आणि भरल्या नाहीत. इंचभर चूक. नागपूरची एक खरेदीची चक्कर आणि काम झालं. सगळ्या दुकानावर सूट लावायची गरजच नव्हती.

दुसऱ्या कोणाच्या वहीत वेगळंच निघेल. आपल्या जिल्ह्यात धान विकलं की लोकांच्या हातात पैसा येतो, त्याआधीचे महिने ओढाताणीचे. त्या दिवसांत विक्री घसरली तर तो हंगाम आहे, चूक नाही. त्यासाठी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नको. आणि ज्याची विक्री उत्तम पण गल्ला रिकामा, त्याची खूण उधारीच्या खात्यात सापडेल. तो ओळखीच्या लोकांच्या फार जवळ उभा आहे. त्याला जाहिरातीचा सल्ला दिला तर उधारीच वाढेल.

एका वेळी एकच बदल

शँक घालवायचे सराव अगदी साधे आहेत. एक सराव असा: दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवायचे, मध्ये थोडी फट. आतला मारायचा, बाहेरच्याला धक्का लागू द्यायचा नाही. दुसरा: चेंडूच्या पलीकडे, पात्याच्या टोकाजवळ पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचं. हात लांब गेले की खोक्याला लागतं आणि चूक तिथल्या तिथे कळते. आणि हे सगळं अर्ध्या जोराने. पूर्ण जोराने मारत मारत चूक दुरुस्त होत नाही.

धंद्यातही हेच. पंधरा दिवसांत एकच बदल करा, तोही लहान प्रमाणात. फलक, भाव, दुकानाची वेळ आणि माल सगळं एकदम बदललं, तर विक्री वाढली तरी कशाने वाढली ते कळणार नाही, आणि घटली तरी कळणार नाही. खोकंसुद्धा ठेवा. म्हणजे अशी एक रेघ, जिला धक्का लागला की थांबायचं. उदाहरणार्थ, "एका माणसाला ५०० च्या वर उधार नाही", किंवा "या प्रयोगात ३,००० पेक्षा जास्त घालणार नाही". रेघ आधी आखा. घाबरल्यावर आखलेली रेघ रोज सरकते.

फक्त "आत्मविश्वास ठेवा" म्हणून भागत नाही

इथे मला आमच्याच प्रशिक्षणाच्या धंद्याबद्दल बोलायचं आहे. पडत्या दुकानदाराला "सकारात्मक राहा, मोठं स्वप्न बघा" सांगणारे खूप आहेत. शँक मारणाऱ्याला "जोरात मार, घाबरू नको" सांगण्यासारखंच आहे ते. चेंडू होझलवर लागतोय, त्याला तुमच्या स्वप्नाशी काय देणंघेणं? दुसरीकडे घरचे, शेजारचे म्हणतात, "तुझ्याच्याने होणार नाही, नोकरी बघ." तेही खूण न पाहताच बोलतात.

शँक मोठमोठ्यांनाही बसतो. १९७२ साली अमेरिकेत पेबल बीच इथल्या स्पर्धेत जॉनी मिलर शेवटच्या दिवशी जॅक निकलसशी जिंकण्यासाठी झुंजत होते. १६व्या होलवर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, त्यांना शँक बसला. शेवटी प्लेऑफमध्ये निकलस जिंकले. त्याच मिलर यांनी पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, ओकमाँटला शेवटच्या दिवशी ६३ फटक्यांची फेरी खेळून यूएस ओपन जिंकली. २०१७ च्या प्लेअर्स स्पर्धेत इयान पोल्टर यांचा शेवटच्या होलवर दुसराच फटका शँक गेला. त्यांनी दंडाचा फटका स्वीकारला, नियमाप्रमाणे चेंडू नव्या जागी टाकला आणि पुढचा फटका झेंड्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवला. एकच फटका जास्त गेला आणि ते संयुक्त दुसरे आले. नुकसान मान्य केलं, आणि पुढचा फटका नेहमीसारखाच मारला.

प्रत्येक अपयश शँक नसतं

हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर मीसुद्धा गोड बोलणाऱ्यांतलाच होईन. शँकमध्ये क्लब चेंडूला लागतो तरी. हवेतच फिरला तर ती गोष्ट वेगळी. तुमची वही पंधरा दिवसांनी भरलेली असेल, म्हणजे लोक येतात, विचारतात आणि रिकामे जातात, तर तुम्ही इंचभर चुकताय. दुरुस्ती करा, दुकान बंद करू नका. पण वहीच कोरी राहिली, कोणी विचारायलाही येत नाही, आणि हंगाम धरूनही दोन-तीन महिने हेच चित्र असेल, तर जागा किंवा मालच चुकला आहे. तिथे साइज भरून उपयोग नाही. आणि एक हप्ता भरायला दुसरं कर्ज घ्यायची वेळ आली, तर त्या दिवशी थांबा आणि घरच्यांसोबत बसून हिशोब मांडा. दुकान परत टाकता येतं. बापाची धानाची बांधी गेली तर ती परत येत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की बंद करायचं असो की चालू ठेवायचं, निर्णय खूण पाहून घ्या. चेंडू किती लांब झुडपात गेला हे बघून घेऊ नका. आजच एक वही आणा, गल्ल्याशेजारी ठेवा, पेन दोरीने बांधा, नाहीतर ते गिऱ्हाईक घेऊन जातं. पंधरा दिवस फक्त लिहा, काहीही बदलू नका. सोळाव्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ कोणती ते मोजा, आणि तेवढीच एक गोष्ट दुरुस्त करा.