जुन्या तबकड्यांतले तुकडे



आज आमच्या आवडत्या एका संगीतकाराविषयी लिहीत आहोत. तो भजने रचणारा नव्हता. जेम्स यान्सी त्याचे नाव. जग त्याला जे डिला म्हणून ओळखते. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात १९७४ साली तो जन्मला. मंडळीसाठी लिहिताना असा माणूस कशाला, असे कोणी विचारील. म्हणून आधी त्याचे काम सांगतो.

डिला सोल संगीताच्या जुन्या तबकड्या शोधून काढी. त्यातला एखादा सूर, ड्रमचा ठोका, गायकाचा अर्धा उसासा एवढेच उचलून तो एका यंत्रात भरी आणि चौकोनी बटणे बोटांनी दाबून ते तुकडे नव्या क्रमाने वाजवी. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. ठोके आपोआप काटेकोर करून देण्याची सोय यंत्रात असते. पण डिलाचा ठोका किंचित मागेपुढे पडतो, माणसाच्या हातचा वाटतो.

त्याचा ‘डोनट्स’ हा संग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या ३२व्या वाढदिवशी निघाला. त्यात ३१ छोट्या रचना आहेत. तेव्हा तो रक्ताच्या दुर्मीळ विकाराने आणि ल्युपसने खंगला होता. रुग्णालयातही तो काम करी आणि आपण त्याची दुखरी बोटे चोळून देत असू, असे त्याच्या आईने पुढे सांगितले. संग्रह निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी तो गेला.

त्यातली ‘डोन्ट क्राय’ ही रचना आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. ती ‘द एस्कॉर्ट्स’ या गटाच्या गाण्यावर उभी आहे. हे गायक न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगातले कैदी होते. १९७३ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. आम्हांला फक्त आणखी एक संधी हवी आहे, असा त्याच्या नावाचा अर्थ. ३३ वर्षांनी एका मरणाऱ्या तरुणाने त्यांचा आवाज पुन्हा जगापुढे ठेवला.

योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या जेवणानंतर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे जमा करायला लावतो. ज्याने पाच भाकरींतून एवढ्या लोकांना तृप्त केले, त्याला तुकड्यांची गरज काय? तरी त्याने काही वाया जाऊ दिले नाही. बारा टोपल्या भरल्या. टाकून दिलेल्यात मोल पाहणे ही प्रभूची रीत आहे, आणि तिची अंधुक खूण आम्हांला डिलाच्या कामात दिसते.

दुसऱ्याचे उचलणे ही चोरीच नव्हे का, हा आक्षेप मात्र खरा आहे. सॅम्पलमध्ये ज्यांचा आवाज वापरला गेला, अशा अनेकांना ना मोबदला मिळाला, ना त्यांचे नाव पुढे आले. सुंदर काम झाले म्हणून हा अन्याय धुऊन निघत नाही. तुकडा उचलावा, पण परवानगी घेऊन आणि ज्याचा आहे त्याचे नाव सांगून.

जुने घेऊन नवे रचणे आपल्याला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहिले; ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीत प्रभूला आळवले. त्यांनी लोकांच्या ओठांवरचा छंद घेतला आणि त्यात शुभवर्तमान भरले.

आज आपल्याकडे काय होते? पडद्यावर नवी गाणी येतात, आणि जुन्या भजनांच्या कितीतरी चाली चार-दोन म्हाताऱ्या मावश्यांच्या गळ्यातच उरल्या आहेत. भजनाचे शब्द पुस्तकात सापडतात, चाल सापडत नाही. एका दफनविधीबरोबर एखादी चाल कायमची मातीत जाते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. तरुण संघाने मोबाइल घेऊन घरोघरी जावे, मावशींना, आजोबांना गायला बसवावे. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि चाल कोणाकडून आली ते लिहून ठेवावे. मग त्यांच्या संमतीने एखाद्या मुलाने त्या आवाजाखाली नवा ठोका घातला, तर वडीलधाऱ्यांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. शब्द स्पष्ट ऐकू यावेत, अर्थ बिघडू नये, एवढी अट पुरे. उपासनेत ते वाजवायचे की नाही, हे मंडळीने मिळून ठरवावे.

डिलाचे यंत्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. यंत्र काचेआड टिकते. चाल मात्र गाणारा असेल तरच टिकते. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर आपल्या शेजारच्या बाकावरच्या आजींना एवढेच विचारा: तुमच्या लहानपणी हे भजन कसे म्हणत होते?

देवबाप आपल्याला ऐकणारे कान देवो. आमेन.